मुंबईत अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढण्याचे कंत्राट घेताना: नोंदणी, परवानग्या आणि कागदपत्रे

मुंबई आणि ठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतील जुन्या शेड, गोदीलगतची गोदामे, गिरण्यांच्या आवारात उरलेली बांधकामे आणि चाळींच्या गच्चीवर पावसापासून बचावासाठी टाकलेली छपरे अशा असंख्य ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज मिसळलेले सिमेंटचे नालीदार पत्रे आजही आहेत. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य संपत आले असून ते उतरवण्याची कामे आता मोठ्या संख्येने निघत आहेत. फॅब्रिकेशन, छप्परदुरुस्ती किंवा पाडकाम करणाऱ्या लहान कंत्राटदाराकडे अशी विचारणा पहिल्यांदा येते तेव्हा नोंदणी कुठे करायची, परवाना कोण देतो आणि उतरवलेला पत्रा न्यायचा कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच कार्यालयात मिळत नाहीत. मी स्वतः या फेऱ्या मारून ही कामे केली आहेत. नव्याने येणाऱ्याला निदान कोणत्या दारात कोणता कागद मागायचा हे आधीपासून ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

१. 'अ‍ॅस्बेस्टॉसचा परवाना' नावाचा एकच कागद नाही, हे आधी समजून घ्या

अनेक परदेशी कंपन्यांच्या मुंबईतील कार्यालयांकडून निविदा येते आणि तिच्यात 'अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचा वैध परवाना जोडावा' अशी अट असते. ही अट बहुधा त्यांच्या मूळ देशातील नमुन्यावरून उतरवलेली असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १०० चौरस फूट किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर अ‍ॅस्बेस्टॉसचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात सहज चुरणाऱ्या मालासाठी 'अ' वर्गाचा आणि १० चौरस मीटरहून अधिक घट्ट बांधलेल्या मालासाठी 'ब' वर्गाचा परवाना असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ सालच्या अ‍ॅस्बेस्टॉसविषयक १६२ क्रमांकाच्या कराराच्या कलम १७ मध्येही असे काम सक्षम प्राधिकरणाने पात्र ठरवलेल्या कंत्राटदारानेच करावे असे म्हटले आहे. भारताने मात्र हा करार स्वीकारलेला नाही, आणि महाराष्ट्रात अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्या कंत्राटदारांची स्वतंत्र नोंदवही नाही.

याचा अर्थ काम नियमांबाहेर आहे असा मुळीच होत नाही. कामगारांच्या सुरक्षेचे कायदे, घातक कचऱ्याचे नियम, मोटार वाहन नियम आणि महापालिकेच्या परवानग्या हे सगळे या कामाला एकाच वेळी लागू होतात. त्यांच्या नोंदण्या एकत्र केल्यावर जी फाइल तयार होते, तीच तुमची पात्रता. निविदेतील अटीला उत्तर देताना ही स्थिती लेखी कळवावी आणि सोबत ही फाइल जोडावी.

पहिला सापळा इथेच आहे. एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन 'अ‍ॅस्बेस्टॉस लायसन्स' म्हणून प्रमाणपत्र विकणारे लोक भेटतात. प्रशिक्षण घेणे चांगलेच आहे, परंतु त्या कागदाला सरकारी परवान्याचे मोल नाही, आणि तसा दावा करून काम मिळवले तर पुढे अपघात झाल्यावर तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

२. माल कोणता आहे ते तपासल्याशिवाय दर देऊ नका

सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे प्रमाण साधारण ८ ते १२ टक्के असते आणि तंतू सिमेंटात घट्ट बसलेले असतात. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू फारसे सुटत नाहीत. तो फुटतो, कापला जातो किंवा वर्षानुवर्षांच्या पावसाने त्याचा पृष्ठभाग झिजतो तेव्हा ते हवेत मिसळतात. जुन्या बॉयलरचे आणि वाफेच्या नळांचे वेष्टण, ज्याला आपण लॅगिंग म्हणतो, ते मात्र पूर्णपणे वेगळे प्रकरण आहे. ते बोटांनी चुरते, आणि त्यात निळ्या किंवा तपकिरी जातीचे अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. गिरणीच्या बॉयलर घरात किंवा तोडायला आलेल्या जुन्या जहाजाच्या इंजिन कक्षात हा माल सापडतो.

नव्या कंत्राटदाराने लॅगिंगचे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी बंदिस्त आवरण, आतील हवेचा दाब कमी ठेवणारी यंत्रणा आणि हवेची सतत मोजणी लागते. ही साधने नसताना ते काम घेणे म्हणजे माणसांच्या फुप्फुसांशी सौदा करणे होय. हा लेख फक्त सिमेंटच्या पत्र्यांपुरता आहे.

बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात, आणि छपरावर चढवून काही वर्षे झाली की नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. म्हणून पत्रा पाण्याने ओला करून अंगठ्याएवढा तुकडा घ्यावा, एकात एक अशा दोन बंद पिशव्यांत ठेवावा, पिशवीवर जागा आणि तारीख लिहावी आणि ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने तपासणी करणाऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावा. प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत ही विशिष्ट चाचणी आहे का हे आधी विचारा. मालक चाचणीचा खर्च करायला तयार नसेल, तर पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे असे गृहीत धरून काम करण्याचे करारातच लिहून घ्या.

३. व्यवसायाची पायाभूत नोंदणी

हा भाग सोपा आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांकडे तो असेलच: पॅन, जीएसटी क्रमांक, गुमास्ता (दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी), व्यवसाय कराची नोंदणी आणि उद्यम नोंदणी. लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच, की गुमास्ता आणि जीएसटी या दोन्हींत व्यवसायाच्या स्वरूपात छप्परदुरुस्तीबरोबर पाडकामाचाही उल्लेख असावा. विमा कंपनी दावा तपासताना नेमके हेच पाहते.

४. कामगार कायद्यांखालील नोंदणी

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू केल्या आहेत. बांधकाम कामगार, कंत्राटी कामगार आणि कारखाने यांचे जुने स्वतंत्र कायदे त्यांतील सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत सामावले गेले आहेत. संक्रमणाच्या या काळात जुना नमुना भरून आणलेला अर्ज परत येऊ शकतो. म्हणून अर्जाआधी वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात जाऊन सध्या कोणता नमुना चालतो ते विचारून घ्या. पुढील गोष्टी मात्र पक्क्या धराव्यात.

इमारतीची दुरुस्ती आणि पाडकाम हे दोन्ही बांधकाम कामाच्या व्याख्येत येतात, त्यामुळे १० किंवा अधिक कामगार असतील तर आस्थापनेची नोंदणी लागते. कंत्राटदार म्हणून वेगळा परवाना ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेव्हाच लागतो. पत्रे उतरवणाऱ्या लहान चमूला तो सहसा लागत नाही. तरीही मोठ्या कारखान्यात तुम्ही इतर कंत्राटदारांबरोबर काम करत असाल, तर मालकाच्या एकूण कंत्राटी कामगारांत तुमची माणसे मोजली जातात, हे त्याला आधीच कळवा. कामगार राज्य विमा योजना (ईएसआय) १० कामगारांपासून आणि भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांपासून लागू होतो. राज्य विम्याखाली न येणाऱ्या प्रत्येकासाठी कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या आणि तिच्यात उंचीवरचे काम व अ‍ॅस्बेस्टॉसचे काम हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा तंतू श्वासात गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार नोंदवण्याजोगा आणि भरपाईस पात्र असा व्यावसायिक रोग आहे, आणि त्याची लक्षणे बऱ्याचदा २० ते ४० वर्षांनी दिसतात. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत तो बसवलेला असेल तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही.

दुसरा सापळा नाक्यावरच्या कामगारांचा आहे. मुकादमाला सांगून सकाळी नाक्यावरून दहा-बारा माणसे आणणे ही मुंबईतील रूढ पद्धत आहे आणि इतर कामांना ती चालूनही जाते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामाला ती चालत नाही, कारण आज आलेला माणूस उद्या कुठे असेल हे माहीत नसते आणि त्याच्या आरोग्याची नोंद ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. हा निकाल कारखान्यांच्या संदर्भात दिला गेला असला तरी पत्रे उतरवणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारा तंतू तोच असतो. सहा-आठ माणसांचा कायम चमू ठेवा, त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून द्या, आणि १८ वर्षांखालील कोणालाही कामाच्या आसपास फिरकू देऊ नका.

५. पत्रा उतरवण्याआधी तो कुठे जाणार ते ठरवा

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत अधिक वेळ खाणारी आणि नवख्यांकडून शेवटी ढकलली जाणारी पायरी ही आहे. मी ती मुद्दाम कामाच्या आधी ठेवली आहे.

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत १५ व्या नोंदीखाली अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त अवशेष आणि टाकून दिलेले अ‍ॅस्बेस्टॉस यांचा समावेश आहे. त्या नोंदीचे शीर्षक उत्पादन प्रक्रियेचे असल्याने, 'आम्ही कुठे अ‍ॅस्बेस्टॉस बनवतो, आमचे तर नुसते छप्पर आहे' असा युक्तिवाद काही मालक करतात. त्या वादात पडू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय शीव येथील कल्पतरू पॉइंटमध्ये आहे. तुमच्या भागाचे उपप्रादेशिक कार्यालय कोणते ते शोधून मालकाच्या सहीने लेखी पत्र द्या, पत्र्यांची अंदाजे संख्या व वजन कळवा आणि विल्हेवाटीसाठी मार्गदर्शन मागा. मंडळाचे उत्तर फाइलमध्ये असले की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. कारखान्याला मंडळाचे संमतीपत्र आधीपासून असेल तर त्यात या कचऱ्याचा प्रकार आणि प्रमाण वाढवून घेणे हा सर्वांत सरळ मार्ग होय. नव्याने प्राधिकारपत्र (घातक कचरा हाताळण्याची मंडळाची लेखी परवानगी) घ्यायचे असेल तर नमुना १ मध्ये अर्ज करावा लागतो. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत मंडळाने निर्णय द्यावा अशी तरतूद आहे आणि प्राधिकारपत्र ५ वर्षांसाठी असते.

येथे 'पूर्ण अर्ज' या शब्दांवर लक्ष द्या. एखादे जोडपत्र राहिले तर १२० दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. मुंबईत सर्वांनाच पावसाळ्यापूर्वी छप्पर बदलून हवे असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत मालक तुम्हाला फोन करतो तेव्हा ही मुदत केव्हाच हातातून गेलेली असते. जूनपूर्वी काम संपवायचे असेल तर अर्ज डिसेंबरअखेर मंडळाकडे गेलेला असावा, असे मालकाला दिवाळीतच सांगून ठेवा.

प्राधिकारपत्र कोणाच्या नावावर, हा पुढचा प्रश्न. ते जागेच्या मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या नावावर असावे. नियमांतील व्याख्येनुसार जागेवर ज्याचा ताबा आहे तो भोगवटादार, परंतु कचरा प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे तोही भोगवटादारच ठरतो. त्यामुळे 'दोन दिवस तुझ्या गोदामात ठेव, मग बघू' असे मालकाने म्हटल्यावर तुम्ही टेम्पो भरून पत्रे आपल्या जागेत नेलेत, तर त्या क्षणापासून कायद्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येते. पत्रे मालकाच्या आवारातून थेट विल्हेवाटीच्या जागीच गेले पाहिजेत. तोपर्यंत ते त्याच्याच आवारात, झाकून आणि कुलपात, जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतात.

मुंबई परिसरासाठी घातक कचऱ्याचे सामाईक प्रक्रिया व भूभरण केंद्र तळोजा येथे आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी महापे येथेही असे केंद्र आहे. केंद्राकडे मालकाला सभासद व्हावे लागते, मालाचा नमुना द्यावा लागतो आणि त्यानंतर दर व स्वीकृतीचे पत्र मिळते. हे पत्र हातात येईपर्यंत एकही पत्रा काढू नका.

महापालिकेच्या डेब्रिज व्यवस्थेत हा माल देता येत नाही. बांधकामाच्या राडारोड्यात तो मिसळला तर यंत्रात दळला जाऊन पुढे विटा आणि खडीच्या रूपाने कोणाच्या तरी अंगणात पोहोचेल. खाडीकिनारी रात्री खाली करून येणारे टेम्पोवाले स्वस्तात मिळतात. त्यांना तुमच्या कामाच्या जागेचा पत्तासुद्धा देऊ नका.

६. दरपत्रक कसे लिहावे

लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या कामात भंगाराची किंमत वजा करून दर देण्याची आपली पद्धत आहे, आणि मालक हीच अपेक्षा सिमेंटच्या पत्र्याबाबतही ठेवतो. अखंड निघालेले जुने पत्रे रोख पैसे देऊन घेणारे भंगारवाले आहेत. ते पत्रे पुढे झोपड्यांवर, गोठ्यांवर आणि कुंपणाला लागतात. तिथे ते पुन्हा ठोकले जातात, फुटतात आणि त्याखाली लहान मुले झोपतात. हा व्यवहार कंत्राटदाराला सर्वांत सोपा आणि किफायतशीर वाटतो. नेमका म्हणूनच तो सर्वांत अधिक टाळायला हवा. शिवाय पत्र्यांची संख्या आणि केंद्रावर पोहोचलेले वजन जुळले नाही, तर जाब मालकाला आणि तुम्हाला द्यावा लागतो.

त्यामुळे दरपत्रकात तीन ओळी स्वतंत्र ठेवा: पत्रे उतरवणे व गुंडाळणे यांचा दर चौरस मीटरवर, वाहतुकीचा दर फेरीवर, आणि विल्हेवाटीचा दर केंद्राच्या पावतीप्रमाणे टनावर. तीन मीटर लांबीच्या ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते, म्हणजे १०० पत्र्यांचे सुमारे ४ टन होतात. ओलावा, प्लास्टिक आणि फुटके तुकडे धरून त्यावर थोडी वाढ ठेवा. विल्हेवाटीची ओळ वेगळी असली की दोन कंत्राटदारांचे दर तपासताना मालकाला कमी दराचे कारण दिसते. त्या ओळीत शून्य लिहिणाऱ्याला पत्रे कुठे नेणार हे विचारायला मालकाला सांगा.

७. माणसांची आणि साधनांची तयारी

कामावर घेण्यापूर्वी प्रत्येकाची छातीची क्ष-किरण तपासणी आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्या, आणि नंतर दर वर्षी ती पुन्हा करा. औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडे जा. नेहमीच्या दवाखान्यात 'फिट आहे' असा एका ओळीचा कागद मिळतो आणि त्याचा वीस वर्षांनी काही उपयोग होत नाही. धूम्रपान करणाऱ्या माणसाला अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका कितीतरी वाढतो, ही गोष्ट त्याला समजेल अशा भाषेत त्याच्यासमोर बसून सांगा. प्रशिक्षणासाठी शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि बेलापूरची राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांच्याकडे चौकशी करा.

भारतीय मानक ब्युरोची काही मानके जवळ ठेवण्यासारखी आहेत: कामगारांच्या वैयक्तिक संरक्षणासाठी आयएस १२०७८, अ‍ॅस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८, सिमेंटच्या अ‍ॅस्बेस्टॉस उत्पादनांच्या सुरक्षित वापरासाठी आयएस ११७६९ चा पहिला भाग आणि पाडकामाच्या सुरक्षेसाठी आयएस ४१३०. तुमची कार्यपद्धती लिहिताना या क्रमांकांचा आधार द्या.

साधनांची यादी अशी:

- आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-३ दर्जाचा मास्क किंवा पी-३ फिल्टरचा अर्धमुखवटा (कापडी, सर्जिकल किंवा रंगाऱ्याचा मास्क चालत नाही; दाट दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही)
- टोपीसह एकदाच वापरायचे अंगभर कपडे, हातमोजे, धुता येतील असे गमबूट
- पूर्ण शरीराचा हार्नेस, जीवनदोर, छपरावर टाकायच्या रुंद फळ्या, परांची
- कमी दाबाचा पाण्याचा फवारा आणि त्यात मिसळायला थोडा द्रव साबण
- हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, ओली फडकी
- जाड प्लास्टिकचे तागे, चिकटपट्टी, धोक्याची लेबले, दोरखंड व फलक

८. जागेशी संबंधित परवानग्या

छप्पर बदलण्याला परवानगी लागते की नुसती सूचना पुरते, हे बांधकामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. वॉर्ड कार्यालयातील इमारत व कारखाने खात्यात मालकाने अर्ज करावा आणि उत्तराची प्रत तुम्ही घ्यावी. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे ना-हरकत पत्र लागते. गोदीच्या जमिनीवरील गोदामांसाठी बंदर प्राधिकरणाला विचारावे लागते. जागा नोंदणीकृत कारखाना असेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला काम सुरू करण्यापूर्वी कार्यपद्धतीसह लेखी सूचना द्या. हे कार्यालयही कामगार भवनातच आहे. गृहनिर्माण संस्थेत काम असेल तर सर्वसाधारण सभेचा किंवा समितीचा ठराव मागा, आणि शेजारच्या घरांना किमान आठवडाभर आधी मराठी व हिंदीत नोटीस लावा.

९. प्रत्यक्ष काम

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीइतकाच या कामातला दुसरा धोका पत्र्यातून खाली पडण्याचा आहे, आणि तो त्याच दिवशी जीव घेतो. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. पत्र्यावर पाऊल न ठेवता फळीवरूनच चालायचे, हार्नेस आधी अडकवायचा आणि मगच वर चढायचे. शक्य असेल तिथे खालून परांची उभारून काम करणे कधीही चांगले.

खालची जागा रिकामी करून दोरखंड लावा आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरा. पत्रे साबणाच्या पाण्याने भिजवा, त्यांना खालच्या आधाराला अडकवणाऱ्या जे-हुकची नटे ओली करून सोडवा. गंजलेली असतील तर बोल्ट कटरने तोडा. ग्राइंडर, ड्रिल आणि हातोडा या तिन्हींना छपरावर बंदी घाला. मुंबईत वरून हातोडा मारून पत्रा फोडायचा आणि खाली सोडायचा अशी जी सवय आहे, ती तुमच्या मुकादमाच्या हातातून काढायला सर्वांत अधिक वेळ लागेल. त्याला तेवढा वेळ द्या, पण सूट देऊ नका. अखंड पत्रा दोघांनी उचलून दोरीने किंवा लिफ्टने खाली घ्यावा, ओला असतानाच प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावा आणि चिकटपट्टीने बंद करावा. टेम्पोत मावत नाही म्हणून पत्रे तोडू नका. लांब गाडी मागवा. झाडू मारायचा नाही, हेपा व्हॅक्यूम आणि ओली फडकी वापरायची. पावसात काम थांबवा, कारण ओल्या शेवाळलेल्या छपरावर फळीही सरकते.

अंगावरचे कपडे आणि वापरलेले मास्क याच कचऱ्यात, त्याच पद्धतीने बांधून जातात. कामगाराला जागेवरच अंघोळीची सोय करून द्या. कपड्यांवरून घरी गेलेल्या धुळीमुळे ते कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांना आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

१०. वाहतूक, मॅनिफेस्ट आणि फाइल

गाडीची व्यवस्था जो करतो, म्हणजे पाठवणारा किंवा स्वीकारणारा, त्याच्याकडे वाहतुकीचे प्राधिकारपत्र असावे लागते. प्रक्रिया केंद्राचीच गाडी मागवली तर हा प्रश्न उरत नाही, आणि नव्या माणसाने तसेच करावे. चालकाकडे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे प्रशिक्षण असल्याची परवान्यावरील नोंद तपासा. गठ्ठ्यांवर नमुना ८ चे लेबल, चालकाजवळ नमुना ९ चे आपत्कालीन माहितीपत्रक आणि सोबत नमुना १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोठून कुठे गेला याची नोंदचिठ्ठी, असले पाहिजे.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाकडे पाठवतो, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. गुलाबी स्वीकारणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे राहते. हिरवी स्वीकारणारा मंडळाला पाठवतो आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. करडी प्रत माल दुसऱ्या राज्यात गेला तरच लागते. तुमच्या दृष्टीने निळी प्रत सर्वांत महत्त्वाची, कारण माल केंद्रावर पोहोचला याचा तोच पुरावा आहे. अंतिम बिलाची रक्कम निळी प्रत आल्यावरच देय होईल अशी अट तुम्हीच करारात घाला. तुमचे पैसे त्यामुळे काही दिवस अडकतील, पण मालकाचा विश्वास बसेल आणि तुमच्या वाहतूकदारालाही वाट वाकडी करता येणार नाही.

प्रत्येक कामाची फाइल वेगळी ठेवा. तिच्यात पुढील कागद असावेत:

- प्रयोगशाळेचा अहवाल, किंवा अ‍ॅस्बेस्टॉस गृहीत धरल्याचे करारातील कलम
- मंडळाचे प्राधिकारपत्र अथवा पत्रोत्तर, केंद्राचे सभासदत्व व स्वीकृतीपत्र
- वॉर्ड, म्हाडा किंवा संचालनालयाशी झालेला पत्रव्यवहार, संस्थेचा ठराव
- कामगारांची हजेरी, वैद्यकीय अहवाल, विम्याच्या पॉलिसी
- लेखी कार्यपद्धती, कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे
- मॅनिफेस्टच्या प्रती, वजनकाट्याची पावती, केंद्राची पावती

पत्र्यांची मोजलेली संख्या आणि काट्यावरचे वजन एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून मालकाची सही घ्या. प्राधिकारपत्रधारक मालकाला नमुना ३ मध्ये नोंदी ठेवून ३० जूनपूर्वी नमुना ४ मध्ये वार्षिक विवरण भरायचे असते. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला हे सहसा ठाऊक नसते, म्हणून मे महिन्यात त्यांना आठवण करून द्या आणि तुमच्याकडील आकडे पाठवा. वैद्यकीय अहवालांच्या प्रती मात्र कामाच्या फाइलबरोबर बंद करू नका. त्या कामगाराच्या नावाने वेगळ्या ठेवा, एक प्रत त्याच्या हातात द्या आणि तुमचा व्यवसाय बंद झाला तर त्या कोणाकडे राहतील हे आजच लेखी ठरवा.